सरव्याला पोतं नसतं

सोयाबीन वाळलं की शेंगा वाजायला लागतात. उन्हं जरा वर आली की रानातून तड तड असा बारीक आवाज येतो, एखादी शेंग आपोआप फुटते आणि दाणे दूर उडतात. आदिलाबादहून जैनथकडे येणारी बस कुठल्याशा फाट्यावर थांबली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, की खिडकीतून तो आवाज ऐकू येतो. बाकीच्यांना येत नसावा. त्यांना घरी जायची घाई असते. मला कसलीच घाई नाही, म्हणून मला नको ते सगळं ऐकू येतं.

दसरा मागे पडला आणि दिवाळी तोंडावर आली की हे दिवस येतात. कापसाची बोंडं उकलू लागलेली असतात, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, सकाळी हवेत गारवा आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन. लोक याला सुगी म्हणतात. मला या सुगीत बरं वाटत नाही. दुखत काहीच नाही. डॉक्टरकडे जावं तर त्याला काय सांगणार, सोयाबीन वाळलं म्हणून मला जेवण जात नाही? तो बिचारा गोळ्या लिहून देईल आणि मी त्या घेऊनही टाकीन.

मुलगा अमेरिकेत असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी तो विचारतो, "आई, इकडे ये ना. एकटी काय करतेस तिथे?" मी म्हणते, "बघू." हे असंच मी कधीकाळी माझ्या मायला विचारलं होतं. तीही "पाहू" म्हणाली होती. आमच्या घरात नकाराला हाच शब्द आहे.

आमचं गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. नदी ओलांडली की महाराष्ट्र. आम्ही अलीकडचे, तेलंगणातले, म्हणून घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत निजामाच्या काळापासून चालत आलेली उर्दू. बाप मी आठवीत असताना गेला. घरात मी आणि माय, दोघीच. जमीन नव्हती. माय पटलाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, वावरात निंदायला जायची, कापूस वेचायला जायची, ज्वारी काढायला जायची. आणि हे सगळं आटोपलं, मजुरी संपली, की ती सरव्याला जायची.

सरवा म्हणजे काढणीनंतर वावरात राहून गेलेलं. विळ्याच्या हातून निसटलेली कणसं, पऱ्हाटीच्या बुडाशी चिकटून राहिलेला कापूस, मातीत अडकलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मालकाची शेवटची बैलबंडी वावराबाहेर पडली की वावर मोकळं झालं, असं म्हणायचे. त्याची दवंडी नसे, पण गावातल्या बायांना ते कळायचंच. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या वावरात वाकलेल्या दिसत. त्याला काही कायदे होते. विळा न्यायचा नाही. उभ्या पिकाला हात लावायचा नाही. आणि पोतं न्यायचं नाही. पदराची ओटी खोचायची, तिच्यात मावेल तेवढंच आपलं. पोतं घेऊन गेलेली बाई चोर आणि ओटीत घेऊन आलेली बाई साव, असा साधा हिशेब होता. पटलालाही तो ठाऊक होता. तो बांधावरून जाताना मान वळवून दुसरीकडे बघायचा. त्याचं ते न बघणं हीच परवानगी.

मला लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? शाळेला सुट्टी असली की माय मला सोबत न्यायची. एकदा पटलाची मुलगी, माझ्याच वर्गातली, बंडीतून जाताना दिसली आणि मी झटकन पऱ्हाटीआड बसले. मायने ते पाहिलं. ती वेचत राहिली. मायची सोबतीण गयाबाई मात्र हसली आणि म्हणाली, "पोरगी मास्तरीन होनार व तुही. आत्ताच पाठ वाकेनाशी झाली."

लाज फक्त मलाच वाटत होती असंही नाही. आमच्या वस्तीतली शिकलेली मंडळी, कुणी मास्तर, कुणी कचेरीत कारकून, संध्याकाळी विहाराजवळ बसत. त्यातल्या एका मास्तराने मायला समजावून पाहिलं होतं, "बाई, मान वर करून जगायचे दिवस आले. पटलाच्या वावरातलं आता वेचू नोका." त्याचंही चुकत नव्हतं. किती पिढ्यांचं वाकणं त्याला नकोसं झालं होतं! माय ओटी सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "मागून आनलं तं भीक, भाऊ. वाकून वेचलं तं मेहनत. मी कोनापुढे हात पसरला? जमिनीपुढे वाकली. जमीन काय पटलाच्या बापानं केली?" मग माय घरी आली आणि ओटीतली ज्वारी सुपात ओतली.

आज मी हे लिहिते तेव्हा ते सगळं फार छान होतं असं वाटण्याचा धोका आहे. ते छान नव्हतं. पटलाचा सालदार मनात आलं तर बाया पोचायच्या आधीच गुरं सोडायचा आणि बायांच्या हाती धसकटं यायची. मायच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या, थंडीत त्या उकलायच्या आणि ती त्यांच्यात मेण भरायची. तरीही वेचायला निघालेली माय आणि मजुरीला निघालेली माय यांच्या चालण्यात फरक होता. मजुरीला ती खाली बघत जायची.

मग मी शिकले. आदिलाबाद, हैदराबाद, एम.एस्सी. गयाबाईचं भाकीत अर्धं खरं ठरलं, मास्तरीण व्हायच्या आधीच लग्न झालं. मिलिंद आदिलाबादचाच, तहसीलच्या कारकुनाचा मुलगा, इंजिनिअर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याला इलिनॉयमधल्या एका लहान गावात ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गेलो. विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं की अमेरिका म्हणजे उंच इमारती. उतरले तर काय, चारी दिशांना सपाट शेतं. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. जैनथचा सगळा भाग कुणी इस्त्री करून पसरून ठेवलाय असं वाटलं. मी मिलिंदला म्हटलं, "एवढ्या दूर येऊन वावरातच आनलं का?"

तिथे मी एका मोठ्या किराणा दुकानात कामाला लागले. एम.एस्सी. झालेली बाई लोकांच्या पिशव्या भरते, हे मायला मी कधी कळू दिलं नाही. दुकानाने मला अमेरिका शिकवली. अनोळखी माणसाकडे बघून हसायचं. प्रत्येक वाक्याला थँक यू म्हणायचं. कुणाच्या घरी जायचं तर आधी फोन करायचा, आणि फोन केल्यावरही शक्यतो जायचं नाही. हे मी लवकर शिकले आणि त्यातलं पुष्कळ मला आवडलंही. तिथे मला माझं आडनाव विचारून कुणी मनातल्या मनात माझी पायरी ठरवत नव्हतं. ही काही लहान गोष्ट नाही. आमच्या गावात ती शंभर वर्षांत झाली नव्हती.

पण दुकानाच्या मागे लोखंडाची एक मोठी पेटी होती. रात्री उरलेला पाव, डाग पडलेली सफरचंदं, तारीख उलटलेलं दूध, सगळं तिच्यात जायचं आणि वरून कुलूप लागायचं. कचऱ्याला कुलूप! मी मॅनेजरला विचारलं. भला माणूस होता. तो म्हणाला, कुणी ते काढून खाल्लं आणि आजारी पडलं तर जबाबदारी दुकानाची. मला ते पटलं. घरी येताना बसमध्ये मात्र आठवलं, की आमच्या गावात जे राहून जायचं ते कुणाचंच नसायचं, म्हणून ते सगळ्यांचं असायचं. इथे राहून गेलेल्यालाही मालक होता.

नव्वदनंतरच्या एका वर्षी मायला मी तिकडे नेलं. ती गावात एकटी होती, दम लागायचा, आणि तिला माझ्यावाचून कुणी नव्हतं. मुलगा तेव्हा लहान होता. मी मनाशी ठरवलं होतं की आता तिला परत पाठवायचं नाही. कागदोपत्री काय करावं लागतं त्याची चौकशी मिलिंदने सुरू केली होती. तिला तसं सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. सामान भरताना तिने घराची किल्ली गयाबाईकडे दिली आणि गयाबाई रडली, तेव्हाच दोघींना ते कळलं असावं.

पहिले काही दिवस बरे गेले. गरम पाण्याचा नळ तिने पुन्हा पुन्हा सोडून पाहिला. नातवाला मांडीवर घेऊन वऱ्हाडीत गोष्टी सांगितल्या. मग आम्ही कामाला जाऊ लागलो, पोरगं पाळणाघरात, आणि माय दिवसभर खिडकीत. "बाई, या गावात मानसं राह्यतेत का नुसत्या गाड्याच?" असं तिने एकदा विचारलं. रस्त्याने कुणी चालत नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी पोर्चवर भोपळे मांडायची, मायकडे बघून हात हलवायची, मायही हलवायची, आणि तेवढ्यावर भेट संपायची. माय म्हणायची, "हात हालवते, पन 'या' मनत नाई."

आणि तिचे हात रिकामे झाले. मला ते फार उशिरा दिसलं. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र धुवायचं, झाडू मारायला गालिचे. संध्याकाळी मी आले की ती सोफ्याच्या कडेला बसलेली असायची, दोन्ही हात मांडीवर उताणे. कामाची वाट बघत असल्यासारखे.

आमच्या घरामागे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे सोयाबीनचं शेत. मायने सोयाबीन तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते तेव्हा नवं नवं येऊ लागलं होतं, आमच्या गावात पोचलं नव्हतं. ती खिडकीतून त्याचा रंग बदलताना बघत राहिली, हिरवं, पिवळं, मग तपकिरी. मग एक दिवस मोठं लाल यंत्र आलं आणि दुपारभर धूळ उडवत सगळं शेत गिळून गेलं. एका माणसाने, एका दुपारी. संध्याकाळी माय अस्वस्थ होती. "एवढं वावर," ती म्हणाली, "अन् एक बाई नाई दिसली व."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला दुकानात फोन आला. फोनवर शेताचा मालक होता, हॅरल्ड. समोरच्या म्हातारीने त्याला माझा नंबर दिला होता. तो म्हणाला, "तुमच्या आई माझ्या शेतात आहेत. बऱ्या आहेत. पण तुम्ही आलात तर बरं होईल."

मी गेले तेव्हा तो पिकअपला टेकून उभा होता. साठीचा, टोपी घातलेला, हात तेलाने काळे. समोर कापलेल्या धसकटांमध्ये माय वाकलेली होती. माझा जुना कोट, त्याच्या खाली नऊवारी, आणि पदराची ओटी खोचलेली. यंत्राने सांडलेले दाणे आणि धसकटांना खाली राहिलेल्या शेंगा ती वेचत होती. मला बघून ती सरळ झाली आणि हसली. त्या देशात आल्यापासून ती तशी हसली नव्हती.

"बाई, मोप पडून हाय! मशीन लय सांडते. गयाबाई असती तं दोघींनी मिळून..."

पुढचं तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून सोडून दिलं.

हॅरल्ड रागावलेला नव्हता. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण ही गोष्ट ऐकणारे सगळे त्याला वाईट ठरवायला टपलेले असतात. तो अवघडून म्हणाला, "दाण्यांचं काही नाही. ते पक्षीच खातात. पण इथे खड्डे आहेत, धसकटं टोकदार आहेत. त्या पडल्या, पाय मोडला, तर ते माझ्यावर येतं. विमा कंपनीवाला मला विचारेल की परक्या माणसाला शेतात का येऊ दिलं." मग त्याने मायच्या ओटीकडे बघितलं आणि म्हणाला, "तेवढं राहू द्या त्यांच्याकडे."

मी मायला ते मराठीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, "मी पडली तं त्याचा काय दोष? मीच नाई का पाहून चालली?" याचं भाषांतर मी हॅरल्डला केलं नाही.

घरी येताना माय खाली बघून चालत होती. संध्याकाळी तिने ते दाणे निवडले, पाखडायला सूप नव्हतं म्हणून ताटात फुंकले, आणि मीठ घालून शिजवले. सोयाबीन काही लवकर शिजत नाही. घरभर उग्र वास पसरला. मिलिंदने एक घास घेतला आणि पाणी प्याला. माय सगळं खाऊन उठली. मिलिंद तिला समजावत म्हणाला, "मामी, इकडे कोनाच्या वावरात असं जात नाईत." ती म्हणाली, "नाई जानार, जवाईबापू." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गोष्ट इथे थांबली असती, तर माय कदाचित राहिली असती. पण हॅरल्ड चांगला माणूस होता. रविवारी सकाळी त्याची पिकअप आमच्या दारात आली. त्याने मागून एक पोतं उतरवलं, स्वच्छ, नवं, तोंड शिवलेलं, गच्च भरलेलं सोयाबीन. म्हणाला, "तुमच्या आईसाठी. त्यांना वाईट वाटलं असेल, माझी बायको म्हणाली." कॉफी घ्या म्हटलं तर नको म्हणाला, टोपीला हात लावला आणि गेला. मी आणि मिलिंद दारात उभे होतो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. कोण कुठला माणूस, आणि केवढं मन!

माय स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "काय हाय?"

"सोयाबीन हाय, माय. पोतंभर. तुले देल्लं त्यानं."

"काऊन?"

मी म्हटलं, "चांगला मानूस हाय म्हनून."

ती पोत्याजवळ आली, वरून हात फिरवला, शिवण चाचपली. मग हात मागे घेतला आणि पदराला पुसला. "पटलानं उभ्या जन्मात मले मूठभर देल्लं नाई," ती म्हणाली, "अन् मी त्याच्या वावरातून वर्साचे दाने आनले. या मानसानं पोतं देल्लं, अन् मी याची मिंधी झाली. बाई, सरवा कोनी देत नसते. थो अस्ते." मग म्हणाली, "सरव्याला पोतं नस्ते."

त्या पोत्याला तिने पुन्हा हात लावला नाही. मिलिंदने ते गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

त्यानंतर हॅलोविन आलं. संध्याकाळी रंगीत कपडे घालून, तोंडाला रंग फासून पोरं दारोदार गोळ्या मागत फिरतात, हे मी मायला आधीच सांगून ठेवलं होतं. तिला ते फार गमतीचं वाटलं. "चांगल्या घरची लेकरं मागत फिरतेत? अन् कोनी हटकत नाई?" मग तिच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. दिवसभर खपून तिने मुरमुऱ्यांचा चिवडा केला, शेंगदाणे घातले, कढीपत्ता नव्हता म्हणून हळहळली. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसली आणि येईल त्या लेकराच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या भोपळ्यात मूठ मूठ घालू लागली. मी मागे उभी राहून वेष्टनातल्या गोळ्या पुढे करत होते, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या आयांकडे बघून हसत होते. तिथे उघडा, घरी केलेला पदार्थ लेकरांना कुणी खाऊ देत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला सांगायचं माझ्याने झालं नाही. ती प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

सकाळी ती माझ्याआधी उठली होती. मी खाली आले तेव्हा दार उघडं होतं आणि माय फुटपाथवर उभी होती. कडेच्या गवतात, पाचोळ्यात, पार कोपऱ्यापर्यंत जागोजाग चिवडा सांडलेला. सांडलेला नव्हे, ओतलेला. दोन खारी त्यातले शेंगदाणे वेचून खात होत्या. माय वाकली नाही. ती नुसती बघत होती.

"पाखरांनं खाल्लं तं बरंच झालं," ती म्हणाली. मग आत आली, माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "बाई, मले माह्या गावाले पोचव."

मी खूप बोलले. तुला दम लागतो, तिथे तुला कोण बघणार, मी इथे, रात्री-बेरात्री काही झालं तर. तिने सगळं ऐकून घेतलं. ती काही अडून बसणारी बाई नव्हती. फक्त शेवटी म्हणाली, "इकडचे लोक चांगले हायेत व. मोप देतेत. पन माहं इकडे खाली काई पडून नाई, का मी वाकून उचलीन." यावरचं उत्तर मी तेव्हाही शोधलं आणि नंतरही शोधत राहिले.

नाताळच्या आधी ती परतली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवून तिला आत नेलं. कुणीतरी आपल्याला ढकलत नेतंय याची तिला लाज वाटत होती. तिने वळून पाहिलं आणि समोरच्या म्हातारीसारखा हात हलवला.

त्यानंतर काही सुग्या तिच्या वाट्याला आल्या. फोन करायचा तर तिला जैनथच्या बूथवर यावं लागे. ओरडून बोलायची. कापूस कसा आहे, तूर कशी आहे. मग गावात सोयाबीन आलं आणि तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आता थे आमच्याकडेबी हाय! थ्रेशर लावतेत. लय सांडते." पैनगंगेकाठच्या वावरात माय सोयाबीनचा सरवा वेचत होती, आणि इलिनॉयमध्ये माझ्या गॅरेजात ते पोतं तसंच उभं होतं. पुढे त्यात किडे झाले आणि मिलिंदने ते नेऊन टाकलं.

ती गेली ती अशाच दिवसांत, नव्वदचं दशक संपता संपता. बूथवरून गयाबाईच्या मुलाने फोन केला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, जलदान विधीची तयारी चालली होती. गयाबाई माझ्या गळ्यात पडली नाही. बाजूला बसली आणि हळूहळू सांगू लागली. आदल्या दिवशीपर्यंत माय वावरात आली होती. दम लागला की बांधावर बसायची आणि पुन्हा उठायची. "मी मनो, नोको व वेचू, लेक अमेरिकेत हाय तुही. तं मने, लेकीनं नेलतं मले. पन थ्या देशात खाली काई पडतच नाई." मडक्यात तिने वेचलेलं सोयाबीन होतं, स्वच्छ निवडलेलं. गावात ते कुणी खात नसे, सगळे विकत. गयाबाईने ते मीठ घालून शिजवलं आणि आम्ही दोघींनी खाल्लं. उग्रच होतं.

मिलिंद वारल्यावर मी परत आले. मी का आले ते मुलाला अजून कळलेलं नाही, मला तरी कुठे नीट कळलंय? मायचं घर दुरुस्त केलं, दोन खोल्या, वर पत्रे. लोक आधी बघायला आले, मग येईनासे झाले. अमेरिकेतून आलेली बाई म्हणजे गावाला न कळणारं काहीतरी. गयाबाईही आता नाही.

गेल्या आठवड्यात गावाच्या खालच्या अंगाला हार्वेस्टर आलं. मी घरातून आवाज ऐकला, धूळ पाहिली. हे तेच पटलाचं वावर, जिथे मी पऱ्हाटीआड लपले होते. आता त्याला चारी बाजूंनी तार आहे, रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. झटका मशीन बंद होतं, फाटक उघडं होतं. वावरात एकही बाई नव्हती. आजकाल कुणी येत नाही. पोरी शिकल्या, बाया मजुरीला ऑटोत बसून लांब जातात, रेशनचे तांदूळ मिळतात. सरवा म्हणजे काय, हे गावातल्या पोरांना विचारलं तर सांगता येणार नाही. त्याचं दुःख करायचं कारण नाही, विहाराजवळच्या त्या मास्तरांना हेच हवं होतं.

मी पदर खोचला आणि वाकले. गुडघे कुरकुरले. हार्वेस्टरने भरपूर सांडलं होतं. मूठ, दोन मुठी. पहिल्यांदाच मला लाज वाटत नव्हती.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पटलाचा नातू. तीस-बत्तीसचा, अंगात टीशर्ट, हातात मोबाईल. धावतच आला. "मावशी! काय करून राह्यल्या? तारेत करंट राह्यते, मावशी. तुमी पडल्या-गिडल्या, शॉक लागला, तं माह्यावर येईन ना. पोलीस मलेच धरतीन." त्याने माझा हात धरला आणि जपून, अगदी जपून मला बाहेर आणलं. फाटकाशी आल्यावर माझ्या ओटीकडे बघून तो हसला. चांगला मुलगा आहे. "तुमाले सोयाबीन पायजे होतं तं सांगाचं ना. घरी पोतं धाडून देतो."

आणि त्याने धाडलं. दुपारी एक माणूस आला, दाराशी पोतं ठेवलं आणि गेला. नवं पोतं, तोंड शिवलेलं.

ते अजून तिथेच आहे. काल संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसले होते. रस्त्याने दोन गाड्या गेल्या, समोरच्या घरातल्या सुनेने मला बघून हात हलवला, मीही हलवला. अंधार पडायला लागला. मायचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं, मले माह्या गावाले पोचव. म्हणायचं तर कुणाला, हा प्रश्न होताच. आणि मी गावातच बसले होते.